सुलट की उलट? फिरण्याच्या दिशेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोटारी, पंखे आणि पंप यांच्या दुरुस्तीत माझी बरीच वर्षं गेली. त्या काळात आणि नंतरही फिरण्याच्या दिशेबद्दल लोकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिले, ते इथे एकत्र केले आहेत. सोयीसाठी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेला ‘सुलट’ आणि त्याच्या विरुद्ध दिशेला ‘उलट’ म्हटलं आहे. पहिला प्रश्न आधी वाचा. पुढच्या निम्म्या शंका तिथेच मिटतात.

१. एखादी वस्तू सुलट फिरते की उलट, हे नेमकं कसं ठरवायचं?

आधी कुठून पाहताय ते सांगायचं, मग दिशा सांगायची. पुढे जाणारी सायकल उजव्या बाजूने, म्हणजे चेनच्या बाजूने पाहिली तर चाक सुलट फिरतं. त्याच क्षणी रस्त्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाला तेच चाक उलट फिरताना दिसतं. दोघांचंही बरोबर आहे.

म्हणून ‘मोटर सुलट फिरते’ हे अर्धंच वाक्य झालं. ‘शाफ्टच्या बाजूने पाहिलं तर मोटर सुलट फिरते’ हे पूर्ण वाक्य. एवढे दोन शब्द लिहायचे राहिले म्हणून पंप उलट्या दिशेने जोडला गेला आणि पाणीच नीट चढेना, असं मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलं आहे. या पानावर जिथे जिथे दिशा दिली आहे, तिथे कुठून पाहायचं तेही दिलं आहे.

२. घड्याळाचे काटे मुळात याच दिशेने का फिरतात?

सावलीमुळे. यांत्रिक घड्याळं युरोपात रुळली, म्हणजे उत्तर गोलार्धात. त्याआधी वेळ कळायची ती सूर्यतबकडीवरून. तिथे आडव्या तबकडीवर मधल्या काठीची सावली सकाळी पश्चिमेकडे, दुपारी उत्तरेकडे आणि संध्याकाळी पूर्वेकडे पडते. तबकडीकडे वरून पाहिलं तर सावली सुलट सरकते. काट्यांनी तीच चाल उचलली. हीच यंत्रं दक्षिण गोलार्धात घडली असती तर आज ज्याला आपण उलट म्हणतो तेच सुलट ठरलं असतं.

एक बारकावा सहसा कुणी सांगत नाही. त्याच युरोपात दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीवर सूर्यतबकडी उभी लावली, तर सावली उलट सरकते. सकाळी ती डावीकडे असते, दुपारी खाली आणि संध्याकाळी उजवीकडे.

३. उलट चालणारी घड्याळं खरोखर आहेत का?

आहेत. फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलमध्ये पाओलो उचेल्लो या चित्रकाराने १४४३ साली रंगवलेली २४ तासांची तबकडी आहे, तिचा काटा उलट फिरतो. प्रागच्या ज्यू टाउन हॉलवर हिब्रू अक्षरांचं एक घड्याळ आहे. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात, आणि हे घड्याळही तसंच उलट चालतं. बोलिव्हियाने २०१४ साली ला पाझमधल्या संसदेच्या इमारतीवरचं घड्याळ मुद्दाम उलट केलं. आपण दक्षिण गोलार्धातले, तर आपलं घड्याळही दक्षिणेच्या सावलीसारखं चालावं, असा त्यामागचा विचार होता.

४. सव्य-अपसव्य किंवा उजवं-डावं हे शब्द वापरले तर चालतात का?

जपून. संस्कृतात ‘सव्य’ म्हणजे डावा, आणि ‘सव्यसाची’ म्हणजे डाव्या हातानेही बाण सोडणारा. मराठी शास्त्रीय लेखनात मात्र ‘सव्य’ हा शब्द काट्यांच्या दिशेसाठी वापरलेला आढळतो. ‘उजवीकडे फिरव’ हेही तसं फसवंच आहे, कारण चाकाचा वरचा भाग उजवीकडे जातो तेव्हा खालचा डावीकडे जातो. बोलताना आपण वरच्या भागाची दिशा मनात धरतो, म्हणून निभावतं. लिहिताना ‘काट्यांच्या दिशेने’ असं स्पष्ट लिहिलेलं बरं.

५. स्क्रू सुलट फिरवला की घट्ट होतो. मग मागून पाहिलं तर तो उलट फिरवल्यावर घट्ट होईल का?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण पहिल्या उत्तराला तो बरोबर छेद देतो. मागून पाहिलं तर स्क्रू उलट फिरताना दिसेल हे खरं, पण तेव्हा तो तुमच्याकडे येत असेल. समोरून पाहिलं तर तो सुलट फिरतो आणि तुमच्यापासून दूर जातो. दिशा पालटली, सरकणंही पालटलं. दोन्ही एकत्र धरली तर काहीच बदललं नाही. स्क्रू उजव्या आट्यांचा आहे आणि कुठूनही पाहिला तरी तो उजव्या आट्यांचाच राहणार.

नुसत्या फिरण्याला पाहणारा लागतो. फिरत फिरत पुढे सरकणाऱ्या वस्तूला, म्हणजे स्क्रू, स्प्रिंग, वेल, दोर यांना, तो लागत नाही. खात्री करायची तर बोल्ट उभा धरून समोरच्या आट्यांचा तिरकेपणा पाहा. रेघा डावीकडून उजवीकडे चढत असतील तर आटे उजवे. आता बोल्ट उलटा धरा. रेघा तशाच चढतात. सुताचा पीळ ओळखण्यासाठी कापड उद्योगात रोमन लिपीतली झेड आणि एस ही अक्षरं वापरतात ती याचमुळे. ही अक्षरं डोक्यावर उभी केली तरी तशीच दिसतात.

उजवे आटेच सर्रास का रुळले? बहुसंख्य माणसं उजव्या हाताने काम करतात, आणि उजवा तळहात वर वळवत पेच आवळताना दंडाचा बेटकुळीचा स्नायू जोर देतो.

६. उलटे आटे कुठे कुठे असतात? पान्याने जोर लावण्याआधी कसं ओळखायचं?

जिथे सरळ, म्हणजे उजवे, आटे चालता चालता आपोआप सुटण्याची भीती असते किंवा चुकीची जोडणी धोक्याची ठरते, अशा ठिकाणी.

टेबल फॅनच्या पात्याला धरून ठेवणारी टोपी हे घरातलं नेहमीचं उदाहरण. ती सुलट फिरवल्यावर सुटते. सवयीने उलट फिरवत जोर लावला की प्लॅस्टिक तडकतं. दोन दगडांच्या ग्राइंडरवर एका बाजूचा नट उजव्या आट्यांचा आणि दुसऱ्या बाजूचा डाव्या आट्यांचा असतो. ॲसिटिलीन, हायड्रोजन अशा जळणाऱ्या वायूंच्या नळ्यांचे नट डाव्या आट्यांचे, तर ऑक्सिजनचे उजव्या आट्यांचे असतात. त्यामुळे चुकून एकाची नळी दुसऱ्याला बसतच नाही. या डाव्या नटांच्या कोपऱ्यांवर खाचा पाडलेल्या असतात, अंधारात बोटांनाही कळाव्यात अशा. तारा ताणायच्या टर्नबकलला एका टोकाला उजवे आणि दुसऱ्या टोकाला डावे आटे असतात, म्हणून मधला भाग फिरवला की दोन्ही टोकं एकदमच आत येतात.

तुटून आत अडकलेला बोल्ट काढायचा डावा एक्स्ट्रॅक्टरही याच कुळातला. उलट फिरवत तो आत रुतवतात. रुतता रुतता तो पकड घेतो आणि बोल्टलाच उलट फिरवून बाहेर काढतो.

७. सायकलच्या डाव्या पॅडलचे आटे उलटे का असतात?

लोक म्हणतात, बेअरिंग घट्ट झालं तर पॅडल सुटू नये म्हणून. कारण नेमकं याच्या विरुद्ध आहे. बेअरिंगचं घर्षण पॅडल सोडवायच्याच दिशेला ओढतं, पण ते फार क्षीण असतं. खरा जोर पायाच्या दाबाचा. क्रँक फिरते तसा हा दाब पॅडलच्या दांड्यावर गोल गोल फिरतो, आणि दांडा आपल्या भोकात किंचित घरंगळतो.

हे हातात करून पाहा. एका मुठीत पेन्सिल सैल धरा आणि तिचं वरचं टोक दुसऱ्या हाताने सुलट गोल फिरवा. मुठीच्या आतल्या बाजूला टेकत टेकत पेन्सिल स्वतःभोवती उलट वळते. पॅडलच्या बाबतीत या घरंगळण्यामुळे डाव्या बाजूला सरळ आटे सैल होत जातात, म्हणून तिथे उलटे आटे.

पॅडल काढताना दिशा लक्षात ठेवायची गरज नाही. पाना वरच्या बाजूला उभा लावा आणि त्याचं टोक मागच्या चाकाकडे ओढा, दोन्ही पॅडलं सुटतात. पुढच्या चाकाकडे ओढलं की दोन्ही आवळतात.

८. नळ सुलट फिरवला की बंद होतो, पण आवाजाचं बटण सुलट फिरवलं की आवाज वाढतो. हे परस्परविरुद्ध नाही का?

दोन वेगळ्या परंपरा आहेत. जुना नळ म्हणजे स्क्रूच. सुलट फिरवला की वॉशर खाली उतरतो आणि वाट बंद करतो. बटण मात्र घड्याळाच्या नात्यातलं आहे, आकडे सुलट वाढत जातात तसं. अपवाद एका फेऱ्याच्या चतकोरात उघडणाऱ्या सिरॅमिक नळांचा. त्यांत स्क्रूच नसतो, त्यामुळे गरम आणि गार पाण्याचे नळ एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे उघडणारे बसवता येतात. दुरुस्तीत चुकीचा कार्ट्रिज, म्हणजे नळाच्या आतला उघडझाप करणारा भाग, बसला की नळ ‘उलटा’ होतो.

९. छताचा पंखा कोणत्या दिशेने फिरायला हवा?

पात्यांवर अवलंबून आहे, नुसती दिशा सांगून उपयोग नाही. पंखा बंद करा आणि एक पातं टोकाकडून नीट पाहा. त्याची एक कड वर आणि दुसरी खाली झुकलेली असते. फिरताना वरची कड पुढे राहिली तर हवा खाली ढकलली जाते. खालची कड पुढे राहिली तर हवा वर ओढली जाते. थंड प्रदेशातल्या अनेक पंख्यांना दिशा बदलायची कळ असते ती याचसाठी. हिवाळ्यात छताजवळ साठलेली ऊबदार हवा भिंतींवरून खाली यावी आणि अंगावर झोत मात्र येऊ नये.

माझ्याच घरी एकदा वायरिंगचं काम झाल्यावर एका खोलीतला पंखा पूर्ण वेगाने फिरायचा, आणि खाली वारा जवळजवळ नाहीच. रेग्युलेटर बदलून झाला. शेवटी वर्तमानपत्राची पट्टी काठीला बांधून पात्यांखाली धरली. ती खाली फडफडायच्या ऐवजी वर उचलली गेली. पंखा उलटा फिरत होता. काम करणाऱ्याने कंडेन्सर मोटरच्या दुसऱ्या वाइंडिंगवर, म्हणजे तारेच्या गुंडाळीवर, जोडला होता. तारा जागेवर आणल्या आणि दोन मिनिटांत वारा आला. रेग्युलेटरने दिशा कधीच बदलत नाही, आणि तीनपदरी विजेवरच्या मोटरमध्ये कोणत्याही दोन फेजची अदलाबदल केली की दिशा पालटते.

१०. आमचा पंखा आपोआप सुरू होत नाही, पण हाताने ज्या दिशेला ढकलू त्या दिशेला फिरतो. असं कसं?

कंडेन्सर गेला आहे. एकाच वाइंडिंगमधून जाणारी प्रत्यावर्ती वीज चुंबकक्षेत्र नुसतं मागे-पुढे झुलवते. हे झुलणं म्हणजे विरुद्ध दिशांना फिरणारी दोन सारखीच क्षेत्रं. दोन्ही सारखीच ओढतात, म्हणून पंखा जागचा हलत नाही, नुसता गुणगुणतो. तुम्ही धक्का दिला की एका क्षेत्राची बाजू वरचढ होते. कंडेन्सर दुसऱ्या वाइंडिंगमधली वीज थोडी पुढे सरकवून हेच काम करतो. पात्यांना हात लावून पंखा सुरू करत राहू नका. कंडेन्सर बदला, आणि त्याआधी मेन स्विच बंद करा.

मायक्रोवेव्हमधली काचेची थाळी कधी सुलट, कधी उलट फिरते ती बिघाडामुळे नव्हे. तिची छोटी सिंक्रोनस मोटर दोन्ही दिशांना सारखीच खूश असते. चालू झाल्याच्या क्षणी विजेची लहर आणि चुंबक जिथे असतील तिकडे ती निघते.

११. दोन चाकं एकमेकांना जोडली तर दिशा कशी ठरते?

दातेरी चाकं एकमेकांत अडकली की दिशा पालटते. मध्ये तिसरं घातलं की मूळ दिशा परत येते. तिन्ही एकमेकांना एकदमच अडकवली तर काहीच फिरत नाही. चेन आणि सरळ पट्टा दिशा तीच ठेवतात. पट्ट्याला मध्ये आठाच्या आकड्यासारखी आढी दिली की दिशा पालटते.

१२. बेसिनमधलं पाणी उत्तर गोलार्धात उलट आणि दक्षिणेत सुलट फिरतं, हे खरं का?

तुमच्या बेसिनमध्ये नाही. पृथ्वी एक फेरा पूर्ण करायला जवळपास एक दिवस घेते आणि बेसिन मिनिटाभरात रिकामं होतं. नळातून पाणी पडताना राहिलेली घुसळण, भांड्याचा आकार, बूच उपटताना बसलेला हिसका, हे सगळं त्या परिणामाच्या कितीतरी पट मोठं असतं. एकाच बेसिनमध्ये हाताने हलकंसं ढवळून दोन्ही दिशा मिळवता येतात.

तरीही परिणाम खोटा नाही. १९६२ साली एमआयटीमध्ये ॲशर शापिरो यांनी सुमारे १.८ मीटर व्यासाच्या टाकीत १५ सेंटिमीटर पाणी २४ तास निवांत ठेवलं आणि मग खालून बूच काढलं. बराच वेळ काही दिसलं नाही. शेवटी पाणी वरून पाहता उलट फिरू लागलं. १९६५ साली सिडनीत तसाच प्रयोग झाला, तिथे पाणी सुलट फिरलं. विषुववृत्तावर रेघेच्या दोन बाजूंना भांडी ठेवून जे दाखवतात, ती मात्र हातचलाखी असते. तिथे तर हा परिणाम शून्याला टेकलेला असतो.

१३. उत्तर गोलार्धात वारे उजवीकडे वळतात असं शिकवतात. मग चक्रीवादळ उलट कसं फिरतं? उजवीकडे वळलेलं सुलट फिरायला नको का?

इथे बहुतेकांची गाठ बसते, म्हणून सावकाश पाहू. वादळाच्या मध्यभागी हवेचा दाब कमी असतो, आणि सगळीकडून हवा तिकडे धावते. समजा तुम्ही दक्षिणेकडून केंद्राकडे निघालेली हवा आहात. उजवीकडे वळलात तर केंद्र चुकतं आणि तुमच्या डाव्या हाताला राहतं. केंद्राची ओढ संपलेली नसते, ती तुम्हाला डावीकडे खेचत राहते. केंद्र डाव्या हाताला ठेवून गोल जाणं म्हणजे वरून पाहता उलट फिरणं. प्रत्येक बाजूची हवा असंच करते. दक्षिण गोलार्धात हवा डावीकडे वळते आणि वादळ सुलट फिरतं.

या वळण्याचं गणित गास्पार-गुस्ताव कोरिऑलिस यांनी १८३५ साली मांडलं. विषुववृत्तापासून साधारण पाच अंशांच्या आत हा परिणाम इतका क्षीण असतो की तिथे चक्रीवादळं क्वचितच तयार होतात. वादळाच्या माथ्यावर, खूप उंचीवर, हवा बाहेर पसरते आणि तिथे ती विरुद्ध दिशेने वळते.

मोकळ्या रानात उठणारी वावटळ यात मोजू नका. ती लहान आणि क्षणभंगुर असते, दोन्ही दिशांना सारखीच आढळते. तिचं कारण १२व्या उत्तरातल्या बेसिनसारखंच.

१४. पृथ्वी कोणत्या दिशेने फिरते? आणि ध्रुवताऱ्याभोवती तारे उलट का फिरतात?

उत्तर ध्रुवाच्या वरून पाहिलं तर उलट, दक्षिण ध्रुवाच्या वरून पाहिलं तर सुलट. पश्चिमेकडून पूर्वेकडे हे सांगणं सगळ्यात निर्धोक. उत्तरेकडे तोंड करून उभे राहा, तारे ध्रुवताऱ्याभोवती उलट फिरताना दिसतील, २३ तास ५६ मिनिटांत एक फेरा. तसेच वळून दक्षिणेकडे पाहा. तेच आकाश आता डावीकडून उजवीकडे, म्हणजे सुलट चाललेलं दिसेल. आकाशाने काही बदललं नाही, फक्त तुमचं तोंड वळलं.

सूर्यमालेत बहुतेक ग्रह उत्तरेकडून पाहता स्वतःभोवतीही उलटच फिरतात. शुक्र अपवाद. तो सुलट फिरतो, तेही इतक्या सावकाश की एक फेरा २४३ दिवसांचा. युरेनसचा आस ९८ अंशांनी कलला आहे, म्हणजे तो जवळजवळ आडवा पडून फिरतो.

१५. वेली गोलार्धानुसार दिशा बदलतात का?

नाही. आधाराभोवती वळत चढणाऱ्या वेलींपैकी बहुसंख्य, जगात कुठेही, उजव्या आट्यांच्या असतात. घेवड्याचा वेल काठीवर चढताना समोरून झेडच्या तिरक्या रेघेसारखा दिसतो. हनीसकल आणि हॉप एसच्या रेघेसारखे चढतात. दिशा त्या त्या जातीत पक्की असते, इतकी की करांदा आणि कोनफळ हे एकाच कुळातले वेल नुसत्या वळणावरून वेगळे ओळखता येतात, कारण दोघं विरुद्ध दिशांनी चढतात. घेवड्याचा वेल सोडवून उलट्या दिशेने गुंडाळलात तर नवा शेंडा पुन्हा आपल्याच दिशेने निघतो.

पुस्तकांत मात्र घोळ सापडेल. काहींनी बाहेरून पाहून ‘उजवा’ म्हटलं, काहींनी वेलीच्या आत उभं राहिल्याची कल्पना करून. म्हणून ५व्या उत्तरातली झेड-एसची खूण वापरा.

काकडीचा तणावा हे वेगळंच प्रकरण आहे, आणि जवळून पाहण्यासारखं. आधाराला धरलेला एक जुना तणावा निवडा आणि वेटोळी बोटाने मोजत जा. अर्ध्यावर एक सरळ तुकडा लागेल आणि त्यापुढची वेटोळी विरुद्ध दिशेची असतील. दोन्ही टोकं बांधलेली असताना दोरीला एकाच दिशेने पीळ देता येत नाही. जितका पीळ एका बाजूला, तितकाच विरुद्ध पीळ दुसऱ्या बाजूला हवा. तणावा हा हिशोब मध्येच दिशा पालटून पूर्ण करतो.

१६. गोगलगायीचं कवच डावीकडे वळलेलं असू शकतं का?

असू शकतं, पण क्वचित. टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरा. तोंड उजवीकडे असेल तर कवच उजवं, आणि बहुतेक जाती अशाच असतात. २०१६ साली नॉटिंगहॅम विद्यापीठाने जेरेमी नावाच्या डाव्या कवचाच्या बागेतल्या गोगलगायीसाठी जोडीदार शोधायचं जाहीर आवाहन केलं होतं, कारण शरीराची सगळी रचनाच आरशातली असल्याने उजव्यांशी तिचा मेळ बसत नव्हता. पुढे तिला ५६ पिल्लं झाली, सगळी उजवी. गोगलगायींच्या ज्या जातींत वळणाची आनुवंशिकता उलगडली आहे, तिथे ते पिल्लाच्या स्वतःच्या जनुकांवर नव्हे, तर आईच्या जनुकांवर ठरतं.

१७. आपल्या शरीरात काही गोल फिरतं का?

फिरतं, आणि त्यावरच आपलं हृदय डावीकडे असणं अवलंबून असतं. गर्भ अगदी लहान असताना त्याच्या एका खळग्यात सूक्ष्म केस, म्हणजे सिलिया, पोटाच्या बाजूने पाहता सुलट फिरत असतात. ते थोडे कललेले असल्यामुळे भोवतालचं द्रव डावीकडे वाहतं, आणि त्या प्रवाहावरून डावी बाजू ठरते. उंदरांच्या गर्भात हा प्रवाह १९९८ साली दाखवला गेला. जन्मतःच हे केस नीट न हलणाऱ्या लोकांपैकी सुमारे निम्म्यांचे अवयव आरशातल्यासारखे उलटे असतात. दिशाच ठरली नाही की नाणेफेकीसारखं होतं.

१८. पडद्यावर गाडीचं चाक उलटं फिरताना का दिसतं?

कॅमेरा चाक सतत पाहत नाही, ठरावीक अंतराने चित्रं घेतो. १२ आऱ्यांच्या चाकात दोन आऱ्यांमध्ये ३० अंश असतात. दोन चित्रांच्या मध्ये चाक २८ अंश पुढे गेलं, तर पुढची आरी आधीच्या आरीच्या जागेपासून फक्त दोन अंश मागे असते. डोळा जवळचा अर्थ घेतो आणि चाक मागे फिरतंय असं समजतो.

कारखान्यात हा भ्रम जिवावर बेततो. ५० हर्ट्झ विजेवर जुनी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मंदावते. मिनिटाला २००० फेरे घेणारा तीन जबड्यांचा लेथचा चक, म्हणजे काम पकडून फिरवणारा भाग, दोन लुकलुकण्यांच्या मध्ये नेमका १२० अंश फिरतो, म्हणून तो थांबल्यासारखा दिसतो. शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर जोडायची पद्धत याचसाठी पडली.

१९. दूरची पवनचक्की कधी सुलट, कधी उलट फिरते असं वाटतं. डोळ्यांचा दोष आहे का?

दोष नाही. संध्याकाळी नुसती काळी आकृती दिसत असेल, तर चक्कीचं तोंड आपल्याकडे आहे की पाठ, हे कळायला काहीच आधार नसतो. मेंदू एक बाजू गृहीत धरतो आणि त्यावरून दिशा ठरवतो. गृहीतक बदललं की दिशाही पालटते. आजच्या मोठ्या पवनचक्क्या वारा येतो त्या बाजूने पाहता बहुतेक सुलट फिरतात. म्हणून सुलट फिरताना स्पष्ट दिसत असेल, तर वारा तुमच्याकडून तिच्याकडे जातो आहे असं समजा.

आकाशगंगांच्या बाबतीतही डोळ्यांनी असंच फसवलं. २००७ साली सुरू झालेल्या गॅलेक्सी झू प्रकल्पात हजारो हौशी लोकांनी दीर्घिकांची चित्रं पाहून त्यांच्या वळणाची दिशा नोंदवली, आणि उलट दिशेच्या दीर्घिका थोड्या जास्त निघाल्या. मग काही चित्रं आरशासारखी पालटून पुन्हा दाखवली. दीर्घिकांकडेच खरा कल असता तर आता सुलट दिशा जास्त भरायला हवी होती. तरीही लोकांनी उलटच जास्त सांगितलं.